डॅट परीक्षेसाठी कर्बोदके आणि अमिनो आम्ले: किती वाचावे आणि कसे

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील दंतवैद्यक महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी द्यावयाच्या डॅट परीक्षेला थोडेच महिने उरले असताना सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील शेवटची दोन प्रकरणे, म्हणजे कर्बोदके आणि अमिनो आम्ले, संपूर्ण वाचावीत की सोडून द्यावीत. आठही डी-अल्डोहेक्सोज शर्करांच्या आणि वीसही अमिनो आम्लांच्या रचना कार्डांवर लिहून पाठ करायला घेतल्या, पण आठवडाभरात त्या एकमेकींत मिसळू लागल्या, असेही आपण लिहिले आहे. प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हा विषय बरीच वर्षे शिकवत आल्यामुळे माझे मत ठाम झाले आहे: ही प्रकरणे सोडू नयेत, पण पाठही करू नयेत. कार्डे बाजूला ठेवावीत, एक ग्लुकोज आणि दोन-तीन अमिनो आम्ले इतकी नीट समजून घ्यावीत की उरलेली सर्व त्यांच्यापासूनचा फरक म्हणून लक्षात राहतील.

असे म्हणण्याचे कारण परीक्षेच्या स्वरूपात आहे. नैसर्गिक विज्ञानांच्या विभागात ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात. त्यांपैकी ४० जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनशास्त्राचे आणि ३० सेंद्रिय रसायनशास्त्राचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. सेंद्रिय रसायनाच्या ३० प्रश्नांत त्रिमितीय रचना, आम्ल-आम्लारी गुणधर्म, अभिक्रियांच्या यंत्रणा आणि क्रियात्मक गटांच्या अभिक्रिया यांवर भर असतो. शर्करा आणि अमिनो आम्ले बहुधा या विषयांच्या आडूनच येतात. ‘पुढीलपैकी कोणते संयुग प्रकाश-निष्क्रिय आहे’ हा प्रश्न गॅलॅक्टोजवर बेतलेला असला तरी तो मेसो संयुगांचाच (अंतर्गत सममितीमुळे ध्रुवित प्रकाश न वळवणाऱ्या संयुगांचाच) प्रश्न असतो, आणि ‘या सामूला लायसिन कोणत्या विद्युतअग्राकडे सरकेल’ हा पीकेए, म्हणजे ज्या सामूला एखाद्या गटाचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा, समजला आहे की नाही याचा प्रश्न असतो. या दोन प्रकरणांना दिलेला वेळ त्यामुळे वाया जात नाही. आधीच्या दहा प्रकरणांची ती उजळणीच असते.

कर्बोदकांची सुरुवात एका कोऱ्या कागदावर डी-ग्लुकोजची फिशर आकृती काढण्यापासून करावी. सहा कार्बनची उभी साखळी, वर अल्डिहाइड, खाली प्राथमिक अल्कोहोल, आणि मधल्या चार कायरल (चार निरनिराळे गट जोडलेल्या) कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट वरून खाली उजवा, डावा, उजवा, उजवा. एवढे एकच सूत्र पाठ करायचे आहे. फिशर आकृतीत आडव्या रेषा आपल्या दिशेने आणि उभ्या रेषा आपल्यापासून दूर जातात, हा नियम विसरला तर आर आणि एस (कायरल कार्बनभोवती गटांचा अग्रक्रम घड्याळाच्या दिशेने की उलट, हे सांगणारी अक्षरे) ठरवताना हमखास उत्तर उलटते, कारण सर्वांत कमी अग्रक्रमाचा हायड्रोजन आडव्या रेषेवर, म्हणजे आपल्याकडे तोंड करून असतो. नियम नीट लावल्यास डी-ग्लुकोज हे २-आर, ३-एस, ४-आर, ५-आर असे येते. हे उत्तर स्वतः एकदा काढून पडताळावे, कारण ते निघाले की या विषयातील निम्मे भय गेलेले असते.

आता बाकीच्या शर्करा. मॅनोज म्हणजे दुसऱ्या कार्बनवर उलटलेले ग्लुकोज, गॅलॅक्टोज म्हणजे चौथ्या कार्बनवर उलटलेले ग्लुकोज. फ्रुक्टोज म्हणजे कार्बोनिल गट पहिल्याऐवजी दुसऱ्या कार्बनवर आणि त्याखालचे सर्व जसेच्या तसे. रायबोजसाठी तिन्ही हायड्रॉक्सिल उजवीकडे. माझ्या मते यापलीकडे गुलोज, टॅलोज, अल्ट्रोज यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. प्रश्नात ती आली तर आकृतीसकट येतात. मोजणी मात्र यायला हवी: अल्डोहेक्सोजमध्ये चार कायरल कार्बन, म्हणून १६ त्रिमितीय समघटक, त्यांतील ८ डी आणि ८ एल, कीटोहेक्सोजमध्ये तीन, म्हणून ८. वलय तयार झाले की पहिला कार्बनही कायरल होतो, आणि ग्लुकोपायरॅनोजमध्ये अशी पाच केंद्रे मोजावी लागतात. ‘साखळी रूप’ की ‘वलय रूप’ हा प्रश्नातील शब्द घाईत निसटतो आणि गुण जातो.

येथे एक सापळा सांगितलाच पाहिजे, कारण चांगले विद्यार्थीही त्यात पाय घालतात. डी किंवा एल हे कार्बोनिलपासून सर्वांत दूरच्या कायरल कार्बनवरून ठरते, हे खरे आहे. त्यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की डी-ग्लुकोजचा पाचवा कार्बन उलटवला की एल-ग्लुकोज मिळते. तसे होत नाही. एल-ग्लुकोज हे डी-ग्लुकोजचे आरशातील प्रतिबिंब आहे, म्हणजे चारही केंद्रे उलटलेली असली पाहिजेत: डावा, उजवा, डावा, डावा. केवळ पाचवा कार्बन उलटवला तर एल-आयडोज ही निराळीच शर्करा मिळते, आणि तिचा डी-ग्लुकोजशी संबंध डायस्टिरिओमरचा (आरसे-प्रतिमा नसलेल्या त्रिमितीय समघटकाचा), अधिक नेमके सांगायचे तर एपिमरचा (एकाच केंद्रावर फरक असलेल्याचा) आहे.

दुसरा सापळा डी या अक्षराचा ध्रुवित प्रकाशाच्या वळणाशी संबंध जोडण्याचा. डी-ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवते, पण डी-फ्रुक्टोज डावीकडे आणि तेही जोरात, सुमारे उणे ९२ अंश. डी हे केवळ लेखनाचे संकेतनाम आहे. एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजची सापेक्ष रचना तर्काने उलगडली, तेव्हा दोन आरसे-प्रतिमांपैकी खरी कोणती हे ठरवण्याचे साधनच उपलब्ध नव्हते. त्यांनी त्यांतील एक गृहीत धरली. १९५१ मध्ये बायफूट यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावर क्ष-किरणांचा प्रयोग केला आणि ते गृहीतक योग्य निघाले. परीक्षेत हा इतिहास विचारत नाहीत, पण तो माहीत असलेला विद्यार्थी डी आणि अधिक चिन्ह यांत गल्लत करत नाही, असा माझा अनुभव आहे.

फिशर आकृतीवरून वलयाकडे जाताना एक वाक्य पुरते: फिशरमध्ये उजवीकडे असलेले हॉवर्थ आकृतीत, म्हणजे सपाट वलयाच्या आकृतीत, खाली, डावीकडे असलेले वर. डी-शर्करेत सहाव्या कार्बनचा गट वर काढावा. ॲनोमेरिक, म्हणजे वलय होताना नव्याने कायरल झालेल्या कार्बनवरील, हायड्रॉक्सिल त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे खाली असेल तर अल्फा, त्याच बाजूला वर असेल तर बीटा. मग खुर्ची आकृती काढा. बीटा-डी-ग्लुकोपायरॅनोजमध्ये वलयावरचे पाचही मोठे गट विषुववृत्तीय (वलयाच्या कडेने बाहेर जाणाऱ्या) स्थानी येतात. ही एक आकृती हाताशी असली की मॅनोजचा दुसरा गट आणि गॅलॅक्टोजचा चौथा गट अक्षीय (वलयाला उभा) आहे हे न शोधता समजते. ‘कोणती रचना अधिक स्थिर’ या प्रश्नाला मग ५४ सेकंदही लागत नाहीत.

म्यूटारोटेशनवर, म्हणजे द्रावणात शर्करेचे प्रकाश-वलन हळूहळू बदलण्यावर, थोडे थांबणे योग्य, कारण त्यात आकडे आणि यंत्रणा दोन्ही येतात. शुद्ध अल्फा-ग्लुकोज पाण्यात टाकले की त्याचे विशिष्ट वलन सुमारे ११२ अंशांवरून उतरत ५२.७ वर स्थिरावते. शुद्ध बीटा १८.७ पासून चढत त्याच आकड्यावर येते. यावरून समतोलातील प्रमाण काढता येते: अल्फाचा अंश ‘क्ष’ मानला तर ११२ क्ष अधिक १८.७ (१ − क्ष) बरोबर ५२.७, म्हणून क्ष सुमारे ०.३६. म्हणजे ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा, आणि बीटा अधिक असण्याचे कारण तीच खुर्ची आकृती. हे रूपांतर घडते कारण हेमिॲसिटल (एकाच कार्बनवर एक हायड्रॉक्सिल आणि एक ईथर ऑक्सिजन असलेली रचना) उघडते आणि पुन्हा मिटते. आता मिथेनॉल आणि आम्ल घालून ॲनोमेरिक हायड्रॉक्सिलच्या जागी मेथॉक्सी गट बसवला तर ॲसिटल होते. ते उदासीन किंवा आम्लारी द्रावणात उघडत नाही, म्हणून मिथिल ग्लुकोसाइड म्यूटारोटेशन दाखवत नाही आणि टोलेन्स अभिकारकाला (अमोनियायुक्त चांदीच्या द्रावणाला) क्षपितही करत नाही. हेमिॲसिटल आणि ॲसिटल यांतील हा भेद ओळखता आला की क्षपणक्षम, म्हणजे टोलेन्सला क्षपित करणाऱ्या, शर्करांचे जवळजवळ सर्व प्रश्न सुटतात. माल्टोज आणि लॅक्टोजमध्ये एक ॲनोमेरिक कार्बन मोकळा आहे, म्हणून त्या क्षपणक्षम. सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन, म्हणजे दोन्ही ॲनोमेरिक कार्बन एकमेकांत अडकलेले, म्हणून ते क्षपणक्षम नाही.

सुक्रोजच्या या बंधाविषयी एक अवांतर गोष्ट, जी दंतवैद्यक होऊ पाहणाऱ्याला पुढे उपयोगी पडेल. दोन ॲनोमेरिक कार्बनमधला हा बंध तोडताना पुरेशी ऊर्जा मोकळी होते, आणि स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स हा जिवाणू ती वापरून सुक्रोजमधील ग्लुकोजचे चिकट ग्लुकान बहुलक तयार करतो. दातांवरचा थर टिकून राहण्यामागे ते आहे. सुटे ग्लुकोज दिले तर त्यापासून तो आम्ल तयार करतो, पण हे ग्लुकान मात्र तसे बनवू शकत नाही.

अभिक्रियांपैकी ऑक्सिडीकरण आणि क्षपण एवढेच बारकाईने करावे. ब्रोमीन जल केवळ अल्डिहाइडचे आम्ल करते आणि कीटोजला हात लावत नाही, म्हणून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे ओळखण्यासाठी ते उपयोगी. टोलेन्स मात्र फ्रुक्टोजलाही प्रतिसाद देते, कारण आम्लारी माध्यमात फ्रुक्टोज एनडायॉलमार्गे अल्डोजमध्ये बदलते. ‘कीटोन आहे, म्हणून टोलेन्स चालणार नाही’ असा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. नायट्रिक आम्ल दोन्ही टोकांना कार्बॉक्सिल बनवते, सोडियम बोरोहायड्राइड अल्डिहाइडचे अल्कोहोल करते, आणि दोन्ही वेळा साखळीची दोन टोके सारखी होतात. टोके सारखी झाली की सममितीचा प्रश्न उभा राहतो. गॅलॅक्टोजचा क्रम उजवा, डावा, डावा, उजवा असा मध्यावर दुमडता येतो, म्हणून त्यापासूनचे द्विआम्ल आणि अल्कोहोल दोन्ही मेसो. ग्लुकोजचा क्रम दुमडत नाही, म्हणून त्याची उत्पादिते प्रकाश-सक्रिय. झायलोजचा क्रम उजवा, डावा, उजवा. त्याच्या क्षपणाने मिळणारे झायलिटॉल, जे पुढे आपल्या व्यवसायात वारंवार भेटेल, तेही मेसोच. फ्रुक्टोजचे क्षपण केले तर दुसरा कार्बन नव्याने कायरल होतो आणि सॉर्बिटॉल व मॅनिटॉल असे दोन एपिमर मिळतात. हा प्रश्न मी दरवर्षी सरावात देतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग एकच उत्पादित लिहितो.

किलियानी-फिशर पद्धतीने साखळी एका कार्बनने वाढते आणि दुसऱ्या कार्बनवरचे दोन एपिमर मिळतात, रफ पद्धतीने ती एका कार्बनने घटते, एवढे पुरे. ओसाझोनबद्दल (शर्करा आणि फिनाइलहायड्रॅझिन यांच्या अभिक्रियेतून मिळणारे संयुग) ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज तिघांचे ओसाझोन एकच असते आणि का, हे समजले की पुढे जावे. स्टार्च, ग्लायकोजेन आणि सेल्युलोज यांचे बंध जीवशास्त्राच्या अभ्यासात येतातच: पहिल्या दोहोंत अल्फा-१,४ आणि फांद्यांवर अल्फा-१,६, सेल्युलोजमध्ये बीटा-१,४.

अमिनो आम्लांकडे वळताना मात्र क्रम बदलावा लागतो. शर्करांत आकृती आधी आणि अभिक्रिया नंतर; येथे प्रभार आधी आणि रचना नंतर. ग्लायसिन घ्या. अत्यंत आम्लधर्मी द्रावणात त्याचे दोन्ही गट प्रोटॉनयुक्त असतात आणि एकूण प्रभार अधिक एक. सामू वाढवत नेला की २.३४ च्या आसपास कार्बॉक्सिल गट प्रोटॉन सोडतो आणि झ्विटर आयन, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही प्रभार असलेले रूप, मिळतो, ९.६० च्या आसपास अमोनियम गट प्रोटॉन सोडतो आणि प्रभार उणे एक होतो. प्रभार शून्य असलेल्या रूपाच्या दोन्ही बाजूंच्या पीकेए मूल्यांची सरासरी म्हणजे समविद्युत बिंदू, येथे ५.९७. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर अमिनो आम्ल मोकळ्या अमिनो आणि मोकळ्या कार्बॉक्सिल गटासह काढलेले असते. ते रूप पाण्यात कोणत्याही सामूला प्रमुख नसते, हे पर्यायांत ओळखता आले पाहिजे.

तिसरा आयनीभवन होणारा गट आला की बहुतेक जण तिन्ही पीकेएंची सरासरी काढतात. लायसिनसाठी २.१८, ८.९५ आणि १०.५३ यांची सरासरी ७.२२ येते, आणि हा आकडा पर्यायांत हटकून असतो. योग्य रीत अशी की पूर्ण प्रोटॉनयुक्त रूपापासून निघावे आणि प्रत्येक टप्प्यावर प्रभार लिहावा: लायसिन अधिक दोनपासून निघते, २.१८ ला अधिक एक होते, ८.९५ ला शून्य, १०.५३ ला उणे एक. शून्याच्या दोन्ही बाजूंना ८.९५ आणि १०.५३ आहेत, म्हणून उत्तर ९.७४. ॲस्पार्टिक आम्ल अधिक एकपासून निघते, १.८८ ला शून्य होते, ३.६५ ला उणे एक. म्हणून उत्तर सुमारे २.७७. आता सामू ६ असलेल्या द्रावणात विद्युतप्रवाह सोडला तर ॲस्पार्टिक धनाग्राकडे जाईल, लायसिन ऋणाग्राकडे, ग्लायसिन जवळजवळ जागेवर राहील. हिस्टिडिन ६.०० आणि ९.१७ यांमुळे ७.५९ ला येते, आणि सामू ७ ला त्याच्या पार्श्वशृंखलेचा साधारण अकरावा भागच प्रोटॉनयुक्त असतो, कारण सामू आणि पीकेए यांतील एकचा फरक म्हणजे दहापट गुणोत्तर. असे अंदाज मनात करता यावेत, कारण या विभागात गणकयंत्र मिळत नाही.

हे आकडे तंतोतंत पाठ करण्यापेक्षा त्यांमागची कारणे पक्की करावीत, कारण आम्ल-आम्लारीचे प्रश्न तेथूनच येतात. ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ असताना ग्लायसिनच्या कार्बॉक्सिलचा २.३४ का? शेजारचा धनप्रभारित अमोनियम गट इलेक्ट्रॉन ओढतो आणि कार्बॉक्सिलेटला स्थैर्य देतो. ग्लुटामिक आम्लाच्या पार्श्वशृंखलेचा पीकेए ॲस्पार्टिकपेक्षा अधिक, सुमारे ४.२५ का? कारण तोच अमोनियम गट एका कार्बनने दूर गेला. नायट्रोजन अणूंची तुलना याहून अधिक उपयोगी आहे: ट्रिप्टोफॅनच्या इंडोल वलयातील नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन-युग्म अरोमॅटिक षट्कात गुंतलेले, म्हणून तो आम्लारी नाही, ॲस्पॅराजिनचा अमाइड नायट्रोजन कार्बोनिलशी अनुनादात, म्हणून तोही नाही, हिस्टिडिनच्या दोन नायट्रोजनपैकी ज्याचे युग्म वलयाच्या प्रतलात मोकळे आहे तोच प्रोटॉन घेतो, आर्जिनिनचा ग्वानिडिनियम आयन तीन नायट्रोजनांवर प्रभार पसरवतो, म्हणून आर्जिनिन सर्वांत प्रबळ आम्लारी. या चार उदाहरणांत अरोमॅटिकता आणि अनुनाद यांची पूर्ण परीक्षा होते.

वीस रचनांचे काय, असे आपण विचाराल. पार्श्वशृंखलेचा प्रकार ओळखता यावा: अध्रुवीय, ध्रुवीय पण प्रभाररहित, आम्लधर्मी, आम्लारीधर्मी. प्रत्येक अणू रेखाटता येण्याची गरज नाही. अपवाद मात्र पाठ असावेत, कारण प्रश्न अपवादांवरच निघतात. ग्लायसिन कायरल नाही. प्रोलिन हे द्वितीयक अमाइन आहे. आयसोल्युसिन आणि थ्रिओनिनमध्ये दोन कायरल केंद्रे आहेत. प्रथिनांतील कायरल एल-अमिनो आम्ले एस असतात, पण सिस्टीन आर असते. त्याची दिशा इतरांसारखीच आहे, फक्त पार्श्वशृंखलेतील गंधकामुळे तो गट कार्बॉक्सिलच्या वर चढतो आणि अक्षर बदलते.

संश्लेषणासाठी स्ट्रेकर पद्धत यंत्रणेसह करावी, कारण अमोनिया आणि अल्डिहाइडपासून इमाइन, त्यावर सायनाइडचा हल्ला, मग नायट्राइलचे जलविघटन, हे तिन्ही टप्पे आपण आधी शिकलेलेच आहेत. इमाइनच्या दोन्ही बाजूंनी हल्ला सारखाच होत असल्याने मिश्रण रेसेमिक, म्हणजे दोन्ही आरसे-प्रतिमा निम्म्या-निम्म्या असलेले, मिळते. गॅब्रिएल-मॅलोनिक पद्धत एकदा वाचून सोडली तरी चालेल.

पेप्टाइड बंधाविषयी मूळ मुद्दा अनुनादाचा आहे. नायट्रोजनचे युग्म कार्बोनिलकडे झुकल्यामुळे कार्बन-नायट्रोजन अंतर साध्या एकेरी बंधाच्या १.४७ ॲंगस्ट्रॉमऐवजी १.३३ च्या आसपास येते, बंध सहज फिरत नाही आणि सहा अणू एका प्रतलात राहतात. त्याच कारणाने तो नायट्रोजन आम्लारी उरत नाही, आणि येथे प्रभार मोजणारे चुकतात: साखळीत गेलेले अमिनो आणि कार्बॉक्सिल गट मोजायचे नसतात, फक्त दोन टोके आणि पार्श्वशृंखला मोजायच्या. लायसिन-ग्लुटामिक-ग्लायसिन हे त्रिपेप्टाइड सामू ७ ला घ्या: डावे टोक अधिक एक, लायसिनची शृंखला अधिक एक, ग्लुटामिकची उणे एक, उजवे टोक उणे एक, एकूण शून्य. आता ग्लुटामिकच्या जागी ग्लुटामिन ठेवा. नावात एकच अक्षर बदलले, पण अमाइड आयनीभूत होत नाही, म्हणून एकूण प्रभार अधिक एक. सरावासाठी अशी पंधरा-वीस त्रिपेप्टाइडे स्वतः लिहावीत, त्यांचा प्रभार सामू २, ७ आणि १२ ला काढावा. पहिल्या दिवशी एकेकाला तीन-चार मिनिटे लागतात, आणि ती वेळ एका मिनिटाच्या आत आली की हे प्रकरण मिटवून कार्बोनिलच्या अभिक्रियांकडे परत जावे.